समुपदेशक सल्ला देत नसतील, तर त्या तासाभरात नेमके काय होत असते?

अनामिका, मुलुंड

नमस्कार. माझे वय ४३ असून मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. घरी आई आणि मी अशा दोघीच असतो. आईला दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. दिवसा एक बाई तिच्याजवळ असतात, संध्याकाळी सातनंतर सगळे माझ्याकडे येते आणि रात्री दोन-तीनदा तरी ती उठून दाराची कडी काढायला जाते. नोकरी सोडून पूर्णवेळ तिच्याजवळ राहावे, तिला एखाद्या निवासी केंद्रात ठेवावे, की आहे तसेच रेटत राहावे, या प्रश्नात मी वर्षभर अडकले आहे. भाऊ पुण्यात असतो आणि ‘तू ठरवशील ते मला मान्य आहे’ एवढेच म्हणतो.

झोप पार उडाली आणि बँकेत रोख मोजताना दोनदा चूक झाली, तेव्हा एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दादरला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. दर शनिवारी पन्नास मिनिटे, दीड हजार रुपये. सहा सत्रे झाली आहेत. बाई अतिशय शांत आणि सौम्य आहेत, मात्र सल्ला देत नाहीत. मी जे बोलते तेच वेगळ्या शब्दांत मला परत सांगतात. चौथ्या सत्रात मी सरळच विचारले, ‘मी नोकरी सोडू का, एवढे तरी सांगा.’ त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हा निर्णय तुमच्या एकटीच्या अंगावर येऊन पडला आहे, असं वाटतंय का?’ त्यावर मला रडू आवरले नाही, हे खरे आहे. पण परतीच्या गाडीत घाटकोपर येईपर्यंत मला त्यांचा रागच येऊ लागला होता, कारण प्रश्न घेऊन गेले होते आणि प्रश्नच घेऊन परत चालले होते.

विचारल्यावर त्यांनी आपली पद्धत ‘व्यक्तिकेंद्रित’ असल्याचे सांगितले. माझ्या एका सहकाऱ्याच्या समुपदेशकांनी त्याला विचारांची नोंदवही ठेवायला लावली आहे. त्याला निदान काहीतरी हातात मिळते. जाणकारांनी कृपया सांगावे, की सल्ला न देणे ही खरोखरच एक उपचारपद्धती आहे का, आणि मी पुढे जावे की थांबावे?

समुपदेशक, दादर

अनामिकाताई, मी सोळा वर्षे या क्षेत्रात आहे आणि माझे मूळ प्रशिक्षण याच पद्धतीचे आहे. आपल्या समुपदेशकांना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या कामाविषयी मत देणे योग्य होणार नाही. पद्धतीविषयी मात्र सविस्तर लिहितो.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची. त्यांनी १९२८ ते १९४० अशी बारा वर्षे रॉचेस्टर येथे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत घालवली, आणि त्या काळात ते आपल्याला अपेक्षित आहे तसेच काम करत असत : चाचण्या घ्यायच्या, निदान करायचे, पालकांना काय चुकते ते समजावून सांगायचे. तिथला एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला झिडकारण्यात आहे, हे रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होते आणि ते तिला पटवून देण्याचा त्यांनी अनेक भेटींत प्रयत्न केला, पण यश येईना. अखेर ‘आपण दोघांनीही प्रयत्न केला, आता थांबू या’ असे ठरले. दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन देता का, असे तिने विचारले. मग परत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराविषयी बोलू लागली. आधी मिळालेल्या कोरड्या माहितीशी त्याचा काहीच मेळ नव्हता. कुठे दुखते आणि कोणत्या दिशेने जायला हवे, हे त्या माणसालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी त्या प्रसंगातून घेतला.

१९४२ साली त्यांनी ही भूमिका ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा तिला ‘अनिर्देशात्मक’ असे नाव होते. त्याच ग्रंथात एका माणसाबरोबरच्या आठही मुलाखती ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापल्या होत्या. मानसोपचाराची खोली तोवर बंद दाराआड होती. तिथे उपचारक काय बोलतो, हे त्याच्या स्वतःच्या आठवणीवर विसंबून कळत असे. ते दार रॉजर्स यांनी उघडले, आणि या माणसाविषयी मला जो आदर आहे त्याचे अर्धे कारण हे आहे. ‘अनिर्देशात्मक’ या शब्दामुळे मात्र गैरसमज झाला. उपचारकाने गप्प बसून मान डोलवायची आणि समोरच्याच्या वाक्याचे शेपूट परत म्हणायचे, असे चित्र तयार झाले. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ‘क्लायंट-केंद्रित’ आणि पुढे ‘व्यक्तिकेंद्रित’ हे नाव स्वीकारले. आयुष्याच्या अखेरीस, १९८६ साली, त्यांनी लिहिले की आपण भावना ‘परत दाखवतो’ असे लोक म्हणतात, पण आपण प्रत्यक्षात आपली समज तपासून पाहत असतो. ‘एकटीच्या अंगावर येऊन पडलं आहे, असं वाटतंय का?’ हे वाक्य त्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ते विधान म्हणून आले नव्हते, प्रश्न म्हणून आले होते. आपण ‘नाही, तसं नाही, मला अपराधी वाटतंय’ असे म्हणाला असता, तर त्यांनी आपले बोट धरून तिकडे वळायला हवे होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९५७ च्या एका निबंधात रॉजर्स यांनी सहा अटी सांगितल्या, ज्या पूर्ण झाल्या आणि काही काळ टिकल्या तर माणसात बदल घडतो, असा त्यांचा दावा होता. त्यांपैकी उपचारकाकडून अपेक्षित असलेल्या तीनच अटी पाठ्यपुस्तकांतून घोकल्या जातात : त्याने मुखवटा न घालता खरे असावे, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार करावा, आणि त्याचे जग आतून, त्याच्या नजरेने समजून घ्यावे. सहावी अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि आपल्या बाबतीत तीच महत्त्वाची आहे. उपचारकाचा स्वीकार आणि त्याची समज ही समोरच्या माणसापर्यंत थोडीतरी पोहोचलेली असली पाहिजे. उपचारकाच्या मनात कितीही माया असो, ती जर आपल्याला जाणवतच नसेल आणि आपल्याला केवळ टाळले जात आहे असे वाटत असेल, तर रॉजर्स यांच्याच हिशेबाने उपचार सुरू झालेला नाही. म्हणून गाडीत आलेला तो राग आपण आम्हाला सांगितलात, तसाच्या तसा त्यांना सांगा. ही तक्रार त्या खोलीत मांडण्यात उद्धटपणा नाही. व्यक्तिकेंद्रित काम करणाऱ्या माणसाला याहून मोलाचे काही मिळत नाही.

एक भेद मात्र करायला हवा. निर्णय आपला आहे म्हणून माहितीही द्यायची नाही, असे ही पद्धत म्हणत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे कुठे आहेत, रात्रीची परिचारिका कशी मिळते, हे आपण विचारले आणि त्यांना ठाऊक असले तर त्यांनी ते सांगायला काहीच हरकत नाही. ‘नोकरी सोडू का?’ या प्रश्नाची जात वेगळी आहे. त्याचे उत्तर त्यांनी दिले, तर सहा महिन्यांनी आई अधिक खंगलेली असेल किंवा आपले पैसे संपत आलेले असतील, तेव्हा त्या उत्तराचे ओझे आपल्यालाच वाहायचे आहे.

परळचा वाचक

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरी दुसरी बाजूही मांडली जावी, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी कामावर निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद केला आहे की नाही, हे पाहायला मी जिना उतरून पुन्हा वर येऊ लागलो. आधी एकदा, मग तीनदा. नंतर नंतर तर स्टेशनच्या पुलावर पोहोचून परत फिरायचो. रेग्युलेटरच्या बटणावर अंगठा ठेवून ‘बंद, बंद, बंद’ असे मोठ्याने म्हणायचो, मोबाईलवर त्याचा फोटो काढायचो, आणि फोटो आजचाच आहे ना, याची पुन्हा शंका यायची.

मी याच पद्धतीच्या एका समुपदेशकांकडे आठ महिने गेलो. माणूस सज्जन होता. त्यांनी माझे सगळे ऐकले, माझ्या वडिलांच्या आजारपणाविषयी मी पहिल्यांदा कुणाशी बोललो असेन तर त्यांच्याशीच. पण जिना चढणे-उतरणे थांबले नाही, उलट वाढले. शेवटी बायकोने हट्ट धरला आणि आम्ही पालिकेच्या एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केस पेपर काढला. तिथल्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत सांगितले, की हा मंत्रचळ आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि तिथल्याच मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला ठरवून कामाला लावले : रेग्युलेटर एकदा बंद करायचा, घराबाहेर पडायचे, छातीत कितीही धडधडले तरी परत फिरायचे नाही, आणि ती धडधड किती मिनिटांनी ओसरते ते वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे लागली. दोन महिन्यांनी पाच.

मला त्या पहिल्या समुपदेशकांविषयी कटुता नाही. परंतु ‘कुठे दुखते ते माणसालाच ठाऊक असते’ हे वाक्य माझ्या बाबतीत पूर्ण खरे नव्हते. मला दुखत होते ते ठाऊक होते. त्याला काय म्हणतात आणि त्यावर नेमका उपाय आहे, हे ठाऊक नव्हते. ते मला कुणीतरी सांगायला हवे होते, आणि आठ महिने आधी सांगायला हवे होते.

समुपदेशक, दादर

आपण लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मंत्रचळावर, ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जाऊन तपासण्याची कृती रोखण्याचा जो उपचार आपल्याला मिळाला, तोच आज प्रथम निवडीचा मानला जातो. तिथे केवळ ऐकत राहणे पुरेसे नव्हते आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हे त्या समुपदेशकांचे कर्तव्य होते. स्वतः रॉजर्स यांनीही विस्कॉन्सिन येथे रुग्णालयात दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आपली पद्धत वापरून पाहिली होती, आणि त्या अभ्यासाचा एकूण निकाल त्यांनी आशा केली होती तितका ठळक आला नाही. ही पद्धत मानणाऱ्यांनी ते लपवू नये.

नैराश्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अनिर्देशात्मक समुपदेशन आणि सीबीटी, म्हणजे विचार व वर्तन यांवर काम करणारी पद्धत, यांची फॅमिली डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांशी तुलना केली होती. चार महिन्यांनी दोन्ही पद्धतींचे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे होते आणि त्या दोन्हींत आपसात फरक नव्हता. वर्षअखेरीस मात्र तिन्ही गट सारखेच होते. पुढे २०२१ मध्ये शेफिल्डमधील ५१० रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातील रुग्णांना मध्यम किंवा तीव्र नैराश्य होते. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित समुपदेशन सीबीटीच्या तोडीस तोड ठरले, परंतु बारा महिन्यांनी सीबीटी पुढे असल्याचे दिसले. माझ्या लाडक्या पद्धतीच्या बाजूचा निम्मा निकाल सांगून थांबणे मला बरोबर वाटत नाही, म्हणून दोन्ही टप्पे लिहिले.

मराठी वाचकाला मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत अधिक परिचित आहे, आणि त्या पद्धतीत उपचारक वाद घालतो, गृहपाठ देतो. १९६४ मध्ये ग्लोरिया नावाच्या एका घटस्फोटित स्त्रीने एलिस, रॉजर्स आणि फ्रिट्झ पर्ल्स या तिन्ही उपचारकांशी कॅमेऱ्यासमोर संवाद केला होता. आपल्या जवळच्या पुरुषांविषयी नऊ वर्षांच्या मुलीला खरे सांगावे का, हा तिचा प्रश्न होता आणि तिने रॉजर्स यांच्याकडे अगदी आपल्यासारखाच, अनामिकाताई, थेट उत्तराचा आग्रह धरला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. पण त्यांनी ते हसून टाळलेही नाही. तिला उत्तर किती हवे आहे हे आपल्याला जाणवते, आणि तरीही हे तिचे तिलाच ठरवावे लागेल असे वाटते, हे त्यांनी तिला मोकळेपणाने सांगितले. ‘मी सल्ला देत नाही’ एवढेच म्हणून थांबणे आणि आपण का देत नाही हे माणसासारखे सांगणे, यांत जो फरक आहे, तो रुग्णाला लगेच कळतो.

गिरगावची निवृत्त शिक्षिका

मी मानसशास्त्राची नाही, मराठी शिकवत असे. एका शब्दाविषयी लिहावेसे वाटते. समोरच्याचे जग त्याच्या नजरेने समजून घेण्याच्या अटीला आपण ‘सहानुभूती’ म्हणत नाही, ‘समानुभूती’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. सहानुभूती या शब्दाला व्यवहारात हळहळीचा वास लागला आहे. सहानुभूती दाखवणारा माणूस काठावर उभा असतो. आपल्याकडे ती भरपूर मिळते आणि तिच्यामागोमाग सल्ला येतो. ‘अगं, आईची सेवा करायला भाग्य लागतं’ आणि ‘हल्ली सगळेच ठेवतात, तू कशाला एवढा विचार करतेस’ ही दोन्ही वाक्ये अनामिकाने एकाच आठवड्यात ऐकली असतील, अशी माझी खात्री आहे. दोन्ही बोलणाऱ्यांनी ती मायेनेच उच्चारलेली असतात, आणि दोन्हींनंतर बोलणे संपते.

यजमान गेले त्यानंतर महिनाभर आमच्या दोन खोल्यांत माणसांची रीघ होती. प्रत्येकाने धीर दिला. तेव्हा शेजारच्या एक बाई रोज दुपारी भिजवून मोड आणलेले वाल घेऊन यायच्या आणि माझ्यासमोर बसून सोलायच्या. अर्धे ताट माझ्याकडे सरकवायच्या. धीर देणारे एक वाक्य त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाल सोलता सोलता मी म्हटले, की मला त्यांचा राग येतोय, विम्याचे कागद कुठे ठेवलेत तेसुद्धा सांगून गेले नाहीत. त्या म्हणाल्या, ‘राग येतोय.’ एवढेच. त्यांनी मान वर केली नव्हती आणि हातही थांबला नव्हता. गेलेल्या माणसावर रागवायचे नसते, असे त्या म्हणाल्या असत्या तर मी पुढची दहा वर्षे तो राग गिळून बसले असते.

शेजारीण म्हणजे समुपदेशक नव्हे, हे मला कळते. दीड हजार रुपये घेणाऱ्या व्यक्तीने शिक्षण घेतलेले असावे, कुठे थांबायचे आणि कुणाकडे पाठवायचे हे तिला ठाऊक असावे, ही परळच्या वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. पण ज्या शहरात घरात कुठल्याही कोपऱ्यात बोललेले दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येते आणि रडायचे तर न्हाणीघराचा नळ सोडून रडावे लागते, तिथे आपले बोलणे मध्येच न तोडता ऐकणारी पन्नास मिनिटे ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे मला वाटत नाही.

अनामिका, मुलुंड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर लिहायला दहा दिवस लागले, कारण मधला शनिवार होऊ द्यायचा होता.

सहावी अट वाचल्यावर मी ठरवले आणि सातव्या सत्राला गेल्या गेल्या सांगून टाकले, की मला इथून निघताना राग येतो, तुम्ही मला टाळता असे वाटते आणि मी थांबण्याच्या विचारात आहे. हे बोलताना माझे हात थंड पडले होते. बाईंनी आधी आभार मानले. मग म्हणाल्या, की चौथ्या सत्रात तुम्ही तो प्रश्न विचारलात तेव्हा उत्तर देऊन टाकावे असे मलाही वाटले होते, कारण तुम्ही फार दमलेल्या दिसत होता. पण तुमचा भाऊ ते तुमच्यावर सोडून मोकळा झाला तसे मीही ठरवून मोकळी झाले, तर तुमच्याबरोबर उरणार कोण, या विचाराने थांबले, आणि ते तेव्हाच बोलून दाखवायला हवे होते. त्या काठावर उभ्या नाहीत, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

नंतरची चाळीस मिनिटे आम्ही आईविषयी बोललोच नाही, भावाविषयी बोललो. ‘तुला मान्य असेल ते मला मान्य’ या वाक्याचा मला किती राग आहे, हे मी कधी मोठ्याने म्हटलेच नव्हते. दिवसाच्या केंद्रांविषयी विचारल्यावर त्यांनी दोन ठिकाणांची नावे आणि तिथे काय काय विचारायचे ते लगेच लिहून दिले. परळच्या वाचकांचे वाचून मी झोपेचे आणि भूक कमी झाल्याचेही त्यांना सविस्तर सांगितले, तेव्हा एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवून घ्यावे असे त्यांनी स्वतःच सुचवले. ती वेळ बुधवारची मिळाली आहे.

नोकरीचे अजून ठरलेले नाही. भावाला मात्र मी फोन करून सांगितले, की मला तुझी संमती नको आहे, तू इथे येऊन दोन रात्री आईजवळ झोप आणि मग आपण दोघे बसून ठरवू. तो येत्या शनिवारी दुपारी येतो आहे, म्हणून मी माझे सत्र अकराऐवजी सकाळी नऊला मागून घेतले आहे.